लांबलेली इफ-एल्सची साखळी: डिक्शनरी की क्लास?

पार्सलचा दर काढणारं फंक्शन घ्या: प्रकार साधा तर ४०, जलद तर ९०, त्याच दिवशी हवं तर १५०. इथे शाखांमध्ये फक्त आकडा बदलतो, तेव्हा पायथनची डिक्शनरी, म्हणजे नावाला किंमत जोडणारी यादी, पुरेशी आहे. तीन नोंदी, एक ओळ, काम झालं. मात्र दर घेताना डिक्शनरीची गेट (.get) मेथड वापरून ‘नसेल तर शून्य’ असं कधीच लिहू नका. प्रकाराच्या नावात एक अक्षर चुकलं की पार्सल फुकट जातं आणि एररही येत नाही. चौकोनी कंसाने घ्या, म्हणजे नाव न सापडल्याचा कीएरर लगेच समोर येतो.

हीच साखळी दर, पोहोचण्याची तारीख आणि एसएमएसचा मजकूर अशा तीन ठिकाणी दिसली, तर डिक्शनरी कमी पडते. मग लोक तिच्यात लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी फंक्शन्स, कोंबतात. लूपमध्ये बनवलेला लॅम्डा लूपचं व्हेरिएबल बनताना नाही, बोलावल्यावर वाचतो, त्यामुळे लूपनंतर सगळे शेवटच्याच प्रकाराचा दर देतात! अशा वेळी प्रत्येक प्रकाराला वेगळा क्लास करा. तिन्ही मेथड सामायिक बेस क्लासमध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्ट ठेवा, म्हणजे प्रत्येक क्लासला त्या स्वतः लिहाव्याच लागतील. एखादी लिहायची राहिली तर ऑब्जेक्ट बनवतानाच टाइपएरर येतो. प्रकार दोनच असतील, तर मी साखळी तशीच ठेवीन.

डिक्शनरी असो वा क्लास, बदलाआधी टेस्ट हव्यातच. फंक्शनचं आजचं उत्तर, चुकीचं असलं तरी, टेस्टमध्ये जसंच्या तसं नोंदवा. मग साखळीतली एक शाखा हलवा, टेस्ट चालवा, कमिट करा (गिटमध्ये बदल नोंदवा). दरातला बदल मात्र वेगळ्या कमिटमध्ये.