शिशाची नळी : नळ सोडून ठेवावा की फिल्टर लावावा?

शिकागोत जुनं घर घेतलं असेल, तर आधी तळघरात उतरा. रस्त्याकडची पाण्याची नळी भिंतीतून आत येते तिथे किल्लीने हलकेच खरवडा. मऊ धातू, खाली चांदीसारखी लकाकी आणि लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे शिसं. तांबं तांबूस दिसतं, लोखंडाला चुंबक चिकटतो. या शहरात १९८६ पर्यंत घरासाठी शिशाचीच नळी घालायचा नियम होता, म्हणून हे तपासायलाच हवं.

नळी बदलेपर्यंत काय करायचं? सकाळी पाच मिनिटं नळ सोडून ठेवणं फुकटचं. रात्रभर नळीत साचून शिसं उतरलेलं पाणी निघून जातं. अंघोळी, कपडे आधी उरकले तर वायाही जात नाही. पण ताजं पाणीसुद्धा त्याच शिशाच्या नळीतून येतं. शिसं कमी होतं, जात नाही. शिवाय दुपारी घरी परतलात की पुन्हा तेच.

फिल्टरला पैसे पडतात आणि त्याचं काडतूस (आतला गाळणारा भाग) वेळेवर बदलावं लागतं. खोक्यावर ‘एनएसएफ/एएनएसआय ५३’ हे फिल्टरचं मानक आणि शिसं काढत असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसती चव सुधारणारा फिल्टरचा जग कामाचा नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरही विसंबू नका, त्यात शिसं कळत नाही.

घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर मी फिल्टरच घ्या म्हणेन, आणि सकाळी नळही सोडा. चहाला, बाळाच्या दुधाला गार नळाचंच पाणी घ्या. आपल्याकडे पाणी उकळलं की निर्धास्त वाटतं, पण उकळून शिसं जात नाही; पाणी आटतं तसं ते दाटच होतं.