राउटरसाठी जुना डेस्कटॉप की एन१०० मिनी पीसी?

ओपीएनसेन्स (फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं फुकट राउटर-फायरवॉल सॉफ्टवेअर) टाकून घरचा राउटर करायचाय तर माळ्यावरचा जुना डेस्कटॉप फुकटात पडतो खरा, पण तो नुसता बसूनही ५० वॅट खात असेल तर २४ तास चालू म्हणजे महिन्याला ३६ युनिट, वर पंख्याची घरघर वेगळीच. मिनी पीसीतला इंटेलचा एन१०० प्रोसेसर ६ वॅटचा, या डब्याला पंखा बहुतेकदा नसतोच आणि इंटेलचे २.५ गिगाबिटचे चार नेटवर्क पोर्ट आयते मिळतात. डेस्कटॉपला पोर्ट एकच, तोही बऱ्याचदा रिअलटेक कंपनीच्या चिपचा, ज्याचं फ्रीबीएसडीशी फारसं पटत नाही, म्हणजे सेकंडहँड इंटेल नेटवर्क कार्ड आलंच. शिकायला डेस्कटॉप मस्त, कायमचं ठेवायचं तर डबाच घ्या, लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरही जास्त टिकतो. वायफायला मात्र दोन्हीकडे वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय सिग्नल देणारं यंत्र) लागणार, जुना राउटर त्या कामाला लावा.