भाऊबीजेचं पार्सल आणि १,७७,१५० रुपये

ऑनलाइन ओळखीतल्या एका माणसाने मला पार्सलच्या नावाखाली फसवलं, पण आधीच सांगते, हे प्रेमप्रकरण नव्हतं. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला, बँकेतल्या मुलीने तोच आणि माझ्या जावेनेही तोंडावर पदर धरून तोच. तो मला पहिल्यापासून ‘ताई’ म्हणायचा. वयाने लहान, मूळ साताऱ्याकडचा, आईवडील गेलेले, इंग्लंडात लेस्टरला नोकरी. म्हणजे त्याने सांगितलं ते असं.

ओळख झाली गच्चीवरच्या बागेवरून. मी कुंड्यांचे फोटो टाकायचे, तो विचारायचा, “ताई, मिरचीची पानं का वळतात गं?” मी सांगायचे, कोवळ्या शेंड्यात बघ, फुलकिडे असतील, निंबोळी अर्क मार. मग बागेवरून बायकोच्या रुसव्यावर, माझ्या गुडघ्यांवर, आज आमटी कशाची केलीस यावर. मुलगा बंगळुरात, त्याचा फोन रविवारी. अनोळखी माणसाशी एवढं बोलायचंच कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी संध्याकाळी दिवेलागणीपासून झोपेपर्यंत एकट्याने घरात बसून दाखवावं.

आता ते टोमॅटो. फेब्रुवारीत त्याने ‘आमच्या परसातले’ म्हणून फोटो पाठवला. उघड्या वाफ्यात वेल काठ्यांना बांधलेले, लालबुंद घोस, मागे कडक ऊन. माझी भाची बर्मिंगहॅमला असते. ती टोमॅटोचं बी मार्चमध्ये खिडकीत पेरते आणि फळ खाते जुलै-ऑगस्टमध्ये. फेब्रुवारीत तिच्या अंगणात गवतावर बर्फ असतो. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि मी त्या फोटोखाली काय लिहिलं? “वा, काय लगडलेत! खत कुठलं घालतोस?” आजही आठवलं की अंगाची लाही होते. वाटलं, काचेचं घर असेल. फोटोत काच नव्हती. पण माणूस आपल्या माणसाची उलटतपासणी घेतो का?

दिवाळीत म्हणाला, “ताई, यंदा ओवाळणी पाठवतोय, नाही म्हणायचं नाही.” घड्याळ, शाल आणि ट्युलिपचे कंद, थोडं फुलांचं बी. पावतीचा फोटोही आला. मग दिल्लीहून एका बाईचा हिंदीत फोन : कस्टममधून बोलतेय, पार्सलमध्ये कंद आणि बियाणं आहे, आयात परवाना नाही.

इथे मी अडकले, कारण हे खरं आहे. परदेशातून बियाणं किंवा कंद आणायला परवाना लागतो, तिकडच्या सरकारचं रोग-किडीचं प्रमाणपत्र लागतं. २००३ चा तसा आदेशच आहे. ज्याला बागेतलं ओ की ठो कळत नाही तो फोन आपटून मोकळा झाला असता. आणि हा नियम त्या नालायकाला उन्हाळ्यात मीच समजावून सांगितला होता, “तिकडून बी पाठवू नकोस रे, अडकेल” म्हणून!

पहिले १८,४०० परवान्याचे. मग ४६,७५० दंडाचे. मग स्कॅनिंगमध्ये पौंडाच्या नोटा सापडल्या म्हणे, त्याचे १,१२,०००, नाहीतर प्रकरण ईडीकडे. सिंहांचा शिक्का असलेलं पत्र व्हॉट्सॲपवर. तिकडून हा, “ताई, भर गं, आतल्या नोटा तुझ्याच आहेत.” मी ठेव मोडली. बँकेत स्लिपवर घेणाऱ्याचं नाव लिहिलं ते कुणा एका माणसाचं, बचत खातं. काउंटरवरच्या मुलीने सही जुळते का ते तीनदा पाहिलं, पण एवढी रक्कम कुणाला पाठवताय हे एकदाही विचारलं नाही. चौथ्यांदा २,४०,००० मागितले तेव्हा मुलाला फोन केला. तो काय बोलला ते लिहीत नाही.

कस्टमचा पैसा सरकारच्या खात्यात जातो, कुणा अमुक कुमारच्या नाही. पोस्टाने आलेल्या पार्सलवर शुल्क असेल तर ते घरी पार्सल देताना पोस्टमन मागतो. कस्टमच्या खऱ्या पत्रावर डिन नावाचा क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. नंतर मी शोधून काढलं.

असं फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि लगेच करा, रडत बसू नका. मी रात्र रडण्यात घालवली, तोवर पैसे चार खात्यांतून पुढे गेले. ९,३१२ रुपये कुठल्याशा खात्यात गोठवले आहेत. ते माझेच आहेत हे सगळे मान्य करतात, देत मात्र कुणी नाही. बँक म्हणते, कोर्टाचा आदेश आणा. बाकीच्या पैशांबद्दल बँकेचं उत्तर, “मॅडम, तुम्ही स्वतः पाठवलेत.” जवळच्या ठाण्यात म्हणाले, हे सायबरचं. सायबरला म्हणाले, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. मुलाने फोनवरून सांगितलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. मी तेच म्हटलं, तर साहेब म्हणाले, “मग मुलालाच सांगा नोंदवायला.” आणि वर, “शिकलेल्या दिसता की!” शिकलेलं असणं हाच जणू माझा गुन्हा. चॅटचे कागद छापून आणा म्हणाले, आणले. मग म्हणाले, रंगीत नको होते.

चॅट डिलीट करू नका, राग आला तरी. त्याला ‘तुला ओळखलं’ म्हणून सुनावू नका. मी सुनावलं आणि तासाभरात त्याचं खातं गायब. व्हिडिओ कॉलला जो कायम नेटवर्कची सबब सांगतो, त्याला एक पैसा देऊ नका. नातं कुठलंही लावो, भाऊ, मामा, कोणीही.

सोमवारी परत ठाण्यात जायचंय. या वेळी बँकेचं पत्र आहे जवळ. त्यावर मॅनेजरची सही आहे, शिक्का नाही. तो मारणारा माणूस रजेवर आहे.