रेविटच्या रूमना स्वतःचे पॅरामीटर जोडून वापरले: अनुभव, आणि त्यातही एका टेक्स्ट फाइलचा

बाणेरच्या साइटवर टॉयलेटच्या टाइल्स लावायच्या दिवशी इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, फिनिशच्या टॅगमध्ये सगळीकडे प्रश्नचिन्ह छापलंय. डॅडो सात फूट घ्यायचा की छतापर्यंत?" टाइल्सवाला माणसं घेऊन उभा, मजुरी चालू, आणि माझ्यासमोर रेविटमधलं (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) रूम शेड्यूल, म्हणजे खोल्यांचा तक्ता, मात्र काठोकाठ भरलेलं. डॅडो म्हणजे भिंतीवरच्या टाइल्सची उंची आहे, स्कर्टिंग आहे, सनकन म्हणजे टॉयलेटचा स्लॅब किती खाली तेही आहे. शेड्यूलमध्ये जे आहे ते टॅगमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवर खोलीत छापल्या जाणाऱ्या चिठ्ठीत, नाही! त्या चिडीतून हे लिहायला घेतलं होतं. मधल्या काळात मत थोडं बदललंय, ते पुढे येईलच.

रूम म्हणजे मॉडेलमधली स्वतःची माहिती बाळगणारी खोली; ती कशी ठेवायची, हे सांगत बसत नाही. नाव, नंबर, डिपार्टमेंट, ऑक्युपन्सी आणि फ्लोअर, वॉल, सीलिंग, बेस असे फिनिशचे चार रकाने रूमबरोबर आयते मिळतात. हे चारही नुसता मजकूर. भिंतीला प्रत्यक्षात कोणतं मटेरियल दिलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. शिवाय पुण्यातल्या फ्लॅटचं तेवढ्यावर भागत नाही. ड्राय बाल्कनीत शहाबादी आहे का, टॉयलेटला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंग थर) झाला का, ओटा कडप्प्याचा की ग्रॅनाइटचा, फ्लॅट घेणाऱ्याने स्वतःच्या टाइल्स आणल्यात का, हे सगळं आमच्याकडे पूर्वी एका एक्सेलमध्ये होतं. त्या एक्सेलचं ड्रॉइंगशी कधी पटलं नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून सगळं पॅरामीटर, म्हणजे माहितीचे जादा रकाने, करून रूमवरच चढवायला लागलो.

आता शीर्षकातली ती फाइल. त्या एका प्रोजेक्टपुरता प्रोजेक्ट पॅरामीटर दोन मिनिटांत होतो आणि शेड्यूलमध्ये दिसतो, पण टॅगमध्ये आणता येत नाही. टॅगमध्ये हवा तर शेअर्ड पॅरामीटर करा, आणि शेअर्ड म्हटलं की त्याची व्याख्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जाते. नोटपॅडमध्ये उघडा, वरच लिहिलेलं दिसतं की ही रेविटची शेअर्ड पॅरामीटर फाइल आहे, हाताने बदलू नका. वर्षाची वर्गणी भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा कणा म्हणजे कुणीही डिलीट करू शकेल अशी नोटपॅडची फाइल. मला हे आजही पचत नाही.

त्या फाइलमध्ये प्रत्येक पॅरामीटरला एक लांबलचक जीयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो, आणि रेविट ओळखतं ते त्यालाच. नावाला किंमत नाही. एका वाड्यात दोन सुरेश राहत असले तरी बँकेला आधार क्रमांक वेगळेच दिसतात, तसं. आमचं मॉडेल मधल्या टप्प्यात ज्या बाहेरच्या एजन्सीकडे होतं, त्यांनी आमची फाइल मागितलीच नाही. आमच्याच नावांचे पॅरामीटर स्वतःच्या फाइलमध्ये नव्याने केले, त्यावर स्वतःची टॅग फॅमिली (टॅगचा साचा) बनवली आणि लोड करून दिली. परिणाम असा की 'डॅडो हाइट' दोन. एकात आमची माहिती, दुसरा रिकामा, आणि टॅग बघतोय रिकाम्याकडे. रूम सिलेक्ट केली की प्रॉपर्टीजमध्ये तेच नाव दोनदा दिसतं, शेड्यूलच्या फील्डच्या यादीतही दोनदा, आणि आपला कोणता हे कळायला मार्ग नाही. एकेक टाकून बघायचा. जो भरलेला निघेल तो आपला. एजन्सीला विचारलं तर उत्तर आलं, "नावं तर सेम आहेत, मॅडम." बिल मात्र वेळेवर आलं.

डायनॅमोने, म्हणजे रेविटसोबतच्या स्क्रिप्ट चालवायच्या साधनाने, एका पॅरामीटरमधून दुसऱ्यात कॉपी करू, असं आधी वाटलं. पण तिथला नेहमीचा नोड (स्क्रिप्टचा तयार ठोकळा) पॅरामीटर नावाने शोधतो, आणि नावं सारखी असली की त्याच्या हाताला कोणता लागेल याची खात्री नाही. शेवटी सरळ मार्ग धरला. टॅग फॅमिली उघडली, लेबलमधून त्यांचे पॅरामीटर काढले, आमच्या फाइलमधले घातले, परत लोड केली. मग प्रोजेक्ट पॅरामीटरच्या यादीतून त्यांची डुप्लिकेट उडवली. उडवण्याआधी त्यांत खरंच काही भरलेलं नाही ना, हे शेड्यूल काढून बघा, कारण पॅरामीटर गेला की त्यातली माहितीही जाते.

इथवर माझं मत होतं की फाइल हरवली की सगळं संपलं. तसं नाही. पॅरामीटर एकदा प्रोजेक्टमध्ये आला की फाइलविनाही चालतो, भरलेलं सगळं तसंच राहतं. फाइल लागते ती नवीन टॅग करताना किंवा दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये तोच पॅरामीटर नेताना. आणि फाइल खरोखरच गेली असेल, तर प्रोजेक्ट पॅरामीटरच्या खिडकीतून मॉडिफायमध्ये जा, तिथे एक्स्पोर्टचं बटण आहे. ते पॅरामीटरला त्याच्या मूळ जीयूआयडीसकट नव्या फाइलमध्ये लिहून देतं. इतकं कामाचं बटण इतकं आत का पुरलंय देव जाणे. आमच्या रीसेलरच्या सपोर्टवाल्यालाही ते माहीत नव्हतं, त्याचा सल्ला होता, "नवीन फाइल बनवा." म्हणजे पुन्हा तोच गोंधळ पदरचे पैसे देऊन.

नवीन सुरू करणाऱ्यांनी आणखी एका ठिकाणी जपून राहावं. टिपिकल फ्लॅट ग्रुपमध्ये (एकदा काढून सगळ्या मजल्यांवर वापरायचा संच) असतील, तर पॅरामीटर बनवताना व्हॅल्यू प्रत्येक ग्रुपमध्ये वेगळी असू शकते, हा पर्याय निवडा. नाहीतर सातव्या मजल्यावरच्या काकांनी इटालियन मार्बल घेतला तरी त्यांच्या हॉलचा रकाना राखाडी दिसतो, ग्रुप एडिट केल्याशिवाय बदलत नाही, आणि तसा बदलला की सगळ्या मजल्यांवर मार्बल. कागदावरच, पण बीओक्यूही (कामाच्या परिमाणांची यादी) त्याच कागदावरून निघतं.

पॅरामीटरचा प्रकार एकदा ठरला की ठरला, नंतर बदलत नाही. डॅडो हाइट टेक्स्ट ठेवली तर हिशोब करता येत नाही, लेंग्थ ठेवली तर 'छतापर्यंत' लिहिता येत नाही. आम्ही लेंग्थ ठेवली आणि छतापर्यंत असेल तिथे सरळ उंची टाकतो. त्याचा फायदा असा की शेड्यूलमध्ये परिमिती गुणिले डॅडो हाइट असा कॅल्क्युलेटेड रकाना करता येतो आणि टाइल्सचं क्षेत्रफळ बसल्याजागी मिळतं. दरवाजे त्यातून वजा होत नाहीत, ते हाताने करावे लागतात. तरीही कॉन्ट्रॅक्टरने मागितलेला आकडा आणि आमचा आकडा शेजारी ठेवल्यावर या एका रकान्याने बरेच पैसे वाचवले. किती ते सांगत नाही, कॉन्ट्रॅक्टर अजून त्याच साइटवर आहे.

हो-नाही प्रकारातही एक खोच आहे. नवा पॅरामीटर जोडल्यावर रूममध्ये फिकट राखाडी टिक दिसते. ती 'हो' नाही, 'अजून काही ठरलेलं नाही' अशी आहे. शेड्यूलमध्ये ती जागा कोरी असते. वॉटरप्रूफिंगसारख्या गोष्टीत हा फरक कळलाच पाहिजे.

वॉटरप्रूफिंगवरूनच दुसरी तक्रार. पॅरामीटर जोडला जातो तो रूम या पूर्ण कॅटेगरीला. टॉयलेटसाठी केलेला सनकन डेप्थ हॉलमध्येही दिसतो, बेडरूममध्येही आणि लिफ्ट लॉबीतही. प्रॉपर्टीजची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते आणि निम्मे रकाने त्या खोलीला लागूच नसतात. आर्चिकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या वर्गीकरणाच्या घटकाला कोणती प्रॉपर्टी दिसावी हे ठरवता येतं. इथे ती सोय नाही. आम्ही नावांच्या आधी टॉ_, कि_ असं लावून कसंबसं भागवतो.

कार्पेट एरिया काढायचा म्हणून कुणी या भानगडीत पडणार असेल, तर थांबा. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि खुली टेरेस वगळली आहे, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरल्या आहेत. रूमचं क्षेत्रफळ वॉल फिनिशपासून मोजायला लावलंत तर पार्टिशन त्यात येतच नाहीत, म्हणजे फ्लॅटमधल्या सगळ्या रूमची बेरीज रेराच्या आकड्यापेक्षा कमी भरते. सेंटरलाइनवर टाकलंत तर बाहेरच्या भिंतीची अर्धी जाडी आत येते. आणि ही सेटिंग पूर्ण प्रोजेक्टला एकच. त्यासाठी आम्ही वेगळा एरिया प्लॅन (क्षेत्रफळाच्या हद्दी स्वतः आखायचा प्लॅन) केला, आणि २०२० च्या यूडीसीपीआरच्या (राज्याची बांधकाम नियमावली) पी-लाइनसाठी, म्हणजे एफएसआय मोजायच्या बाहेरच्या रेषेसाठी, आणखी एक. 'फ्लॅट नंबर' हा शेअर्ड पॅरामीटर रूम आणि एरिया अशा दोन्ही कॅटेगरींना जोडला आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण निदान एकाच नंबराखाली शेजारी लावून बघता येतात.

कौतुकाची गोष्ट एक सांगितलीच पाहिजे. प्लॅनमधून रूम डिलीट केली तरी ती शेड्यूलमध्ये 'नॉट प्लेस्ड' म्हणून शिल्लक राहते, आपल्या सगळ्या पॅरामीटरसकट. क्लायंटने तीन बीएचकेचं दोन बीएचके करायला लावलं आणि नंतर मन बदलून पुन्हा तीन करायला लावलं, तेव्हा तिसऱ्या बेडरूमची माहिती जशीच्या तशी परत मिळाली. शेड्यूलमधूनच मात्र उडवली तर गेलीच.

आता पैशांचं. कायमचं लायसन्स २०१६ मध्येच बंद झालं, तेव्हा वर्गणीला पर्याय नाही. पैसे वाचवायला एलटी, म्हणजे रेविटची स्वस्त आवृत्ती, घ्यावी असा विचार होता, पण तिच्यात डायनॅमो नाही आणि आमचं सगळं त्यावर अडलंय. शेड्यूल टेक्स्टमध्ये बाहेर काढता येतं, पण भरलेलं परत आत घ्यायची सोय रेविटमध्ये मुळात नाही. त्यासाठीचे ॲड-इन मिळतात, त्यांची वेगळी वर्गणी. आम्ही डायनॅमोची छोटी स्क्रिप्ट केली: एक्सेल वाचायचं, रूम नंबर जुळवायचा, व्हॅल्यू टाकायची. एक्सेलमधून १०१ हा आकडा म्हणून येतो आणि टेक्स्ट पॅरामीटर तो घेत नाही, त्यामुळे आधी स्ट्रिंग करून घ्या. रूम नंबर दोनदा असेल तर रेविट फक्त वॉर्निंग देतं, अडवत नाही; ते स्क्रिप्ट चालवण्याआधी निस्तरा.

त्यामुळे यंदा रेविटचं दुसरं सीट (लायसन्स) घेतलेलं नाही. ज्युनियर साइटवरून आलेली माहिती एक्सेलमध्ये भरते, संध्याकाळी मी स्क्रिप्ट चालवते. टेक्स्ट फाइल सर्व्हरवर रीड-ओन्ली आहे, तिची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर, आणि बाहेर मॉडेल देताना करारात एक ओळ वाढवली आहे: शेअर्ड पॅरामीटर आमच्याच फाइलमधून घ्यायचे, नवीन केल्यास दुरुस्तीचा खर्च बिलातून वजा. नव्या एजन्सीने सही करायला जरा वेळ घेतला, पण केली.