आधी कन्फ्यूशियस वाचावा की ताओ?

चीनच्या या दोन जुन्या विचारधारांतलं एकच आधी वाचायचं असेल, तर मृत्यूचे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. फरक तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

पहिला ‘लुन-यू’ या कन्फ्यूशियसच्या संवादसंग्रहातला. आईवडिलांसाठी तीन वर्षं शोक पाळायची रीत होती. चाय-वो हा शिष्य म्हणाला, एक वर्ष पुरे. गुरूंनी विचारलं, एवढ्यातच चांगला भात खाताना, भारी कपडे घालताना तुझ्या मनाला काही वाटणार नाही? तो म्हणाला, नाही. मग कर तसं, गुरू म्हणाले. तो गेल्यावर मात्र हळहळले: मूल आईबापाच्या अंगावरून सुटतं तेच मुळी तीन वर्षांनी, याला ती माया मिळाली नव्हती का? कन्फ्यूशियसचे दोन मुख्य शब्द इथे जुळतात: ‘ली’ म्हणजे रीतभात, ‘रन’ म्हणजे माणुसकी. रीत वरून लादलेली नाही, मिळालेल्या मायेची ती परतफेड आहे.

दुसरा प्रसंग च्वांग-त्झूचा. ‘ताओ-ते-चिंग’ ज्याच्या नावावर आहे त्या लाओत्सेइतकाच ताओवादाचा हा मोठा आधार. बायको गेली, मित्र भेटायला आला, तर हा पाय पसरून भांडं वाजवत गात बसलेला. मित्र रागावला. च्वांग-त्झू म्हणाला, आधी मलाही दुःख झालंच. पण ती जन्मापूर्वी नव्हती, मग झाली, आता नाही. ऋतू बदलतात तसंच हे. रडत बसलो तर मला काहीच कळलं नाही असं होईल.

मला स्वतःला पहिला प्रसंग जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात दुसऱ्या माणसाचं देणं विसरलेलं नाही. पण याच रीतींचं पुढे तरुणांच्या आणि बायकांच्या मानेवर जोखड झालं, हेही खरं. 1919 च्या सुमारास चीनमधली शिकलेली पिढी त्याविरुद्ध उठली ती उगाच नाही.

2013 मध्ये लागू झालेल्या कायद्यातच चीनने लिहिलं की वेगळं राहणाऱ्या मुलांनी वृद्ध आईवडिलांना वरचेवर भेटावं, विचारपूस करावी. हे कन्फ्यूशियसला पटलं असतं? मला नाही वाटत. नुसतं खाऊ घालणं तर कुत्र्या-घोड्यांनाही होतं, आदर नसेल तर फरक काय, असं विचारणारा तो माणूस. आणि लाओत्सेने ‘ताओ-ते-चिंग’च्या अठराव्या अध्यायात म्हटलंच आहे: घरातली नाती बिघडली की पितृभक्तीची चर्चा सुरू होते.

घरात म्हातारी माणसं असतील, हाताखाली चार माणसं काम करत असतील, तर ‘लुन-यू’ घ्या. कामाने पिळून निघाला असाल तर ताओकडे जा, पण तिथल्या ‘वू-वेई’चा, म्हणजे ओढूनताणून काही न करण्याचा, अर्थ स्वस्थ पडून राहणं असा घेऊ नका. 2021 पासून चिनी तरुणांत ‘थांग-फिंग’, म्हणजे आडवं पडून राहणं, हा शब्द फिरतोय. त्यामागचा थकवा मला समजतो. तरी च्वांग-त्झूच्या तिसऱ्या प्रकरणातला बैल कापणारा आचारी पाहा. एकोणीस वर्षं एकच सुरी, अजून धार तशीच, कारण ती सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून फिरते. आणि अवघड सांधा आला की तो अजूनही थांबतो, हात हळू करतो, नीट पाहतो.