स्टॉपओव्हरची सोय: थांबा नव्हे, मुक्काम

आंतरराष्ट्रीय प्रवासात वाटेतल्या शहरात 24 तासांहून जास्त राहिलात तर तो स्टॉपओव्हर, म्हणजे मुक्काम. त्याहून कमी वेळ असेल तर लेओव्हर, नुसता थांबा. आइसलँडएअर अटलांटिक ओलांडताना विमानभाडे न वाढवता आइसलँडमध्ये 7 दिवसांपर्यंत मुक्काम करू देते. सोय खरोखर उत्तम आहे, हॉटेलचा खर्च मात्र आपला. तिकीट काढताना जिथे स्टॉपओव्हरचा वेगळा पर्याय दिसत नाही तिथे ‘मल्टी-सिटी’ (अनेक शहरांचा प्रवास) निवडून टप्प्यांच्या तारखा भराव्यात.

घोटाळा होतो तो सामानात. एकाच तिकिटावरच्या थांब्यात बॅग सहसा थेट शेवटच्या विमानतळावर जाते. मुक्कामात ती मध्येच उतरवून घ्यावी लागते आणि पुन्हा चेक-इन करावी लागते. शिवाय विमानतळाबाहेर पडायचे म्हणजे त्या देशात प्रवेश, तेव्हा व्हिसा तिकिटाआधी तपासा. एक टप्पा न कळवता चुकवलात तर पुढचे टप्पे बहुधा रद्द होतात.