मार्टी रिपोर्ट : जुन्या मस्टँगला हात लावण्याआधी मागवावा असा कागद

१९६९ ची फोर्ड मस्टँग घरच्या गॅरेजमध्ये नव्याने उभी करू पाहणाऱ्या माणसाला आज अमेरिकेत पैसे मोजले की जवळजवळ सर्व काही मिळते. फरशीचे पत्रे, मडगार्ड, दारे, डिकीचे झाकण, सीटची कव्हरे, काचांभोवतीच्या रबरी पट्ट्या आणि ऐपत असेल तर नव्याने दाबून जोडलेला संपूर्ण सांगाडासुद्धा घरपोच येतो. आपल्या पुढ्यातील गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा नेमकी कशी होती, ही माहिती मात्र कोणत्याही सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये नसते. ती माहिती विकणारी सेवा म्हणजे मार्टी रिपोर्ट. वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या या कामात मी जी जी खरेदी केली, त्यांत खर्चाच्या मानाने सर्वाधिक उपयोगी पडलेली खरेदी हीच, असे माझे मत आहे.

अ‍ॅरिझोनातील मार्टी ऑटो वर्क्स ही केव्हिन मार्टी यांची संस्था फोर्डच्या परवान्याने कंपनीची उत्पादनविषयक संगणकीय नोंद बाळगते. ही नोंद १९६७ च्या मॉडेलपासून पुढची आहे आणि तीत फोर्ड, मर्क्युरी व लिंकन या तिन्ही नावांच्या गाड्या येतात. गाडीचा चेसिस नंबर कळवला की त्या एका गाडीची नोंद काढून दिली जाते. मालकी सिद्ध करावी लागत नाही, त्यामुळे विकत घेण्याचा केवळ विचार असलेल्या गाडीचा रिपोर्टही मागवता येतो. स्टँडर्ड, डिलक्स आणि एलिट असे त्याचे तीन प्रकार आहेत. स्टँडर्डमध्ये चेसिस नंबरची फोड आणि कारखान्यात बसवलेल्या पर्यायी वस्तूंची यादी असते. डिलक्समध्ये त्याशिवाय दारावरील पट्टीचा मजकूर, गाडी ज्या विक्रेत्याकडे गेली त्याचे नाव-पत्ता, उत्पादनाच्या टप्प्यांच्या तारखा आणि तशा किती गाड्या निघाल्या याची आकडेवारी मिळते. एलिट हा त्याहून सविस्तर आणि भिंतीवर लावण्याजोगा प्रकार आहे.

माझी गाडी १९६९ ची माक वन, म्हणजे मस्टँगचाच एक खास प्रकार, आहे आणि नेमक्या याच गाडीच्या बाबतीत रिपोर्टशिवाय चालत नाही. तिचा चेसिस नंबर ‘९टी०२एच’ या अक्षरांनी सुरू होतो. ९ म्हणजे १९६९, टी म्हणजे मेटचनचा कारखाना, ०२ म्हणजे मागे उतरत्या छपराची स्पोर्ट्‌सरूफ बॉडी आणि एच म्हणजे ३५१ घनइंचांचे, दोन नळ्यांच्या (टू-बॅरल) कार्ब्युरेटरचे, २५० अश्वशक्तीचे इंजिन. अडचण अशी की १९६९ मध्ये साधी स्पोर्ट्‌सरूफ आणि माक वन या दोन्ही गाड्यांना ०२ हाच आकडा दिलेला असे. माक वनला ०५ हा स्वतंत्र आकडा मिळाला तो १९७० मध्ये. म्हणजे बॉनेटवर काळा मॅट रंग, बाजूंना पट्टे आणि आत लाकडी छटेचा डॅशबोर्ड बसवला की कोणतीही साधी १९६९ ची स्पोर्ट्‌सरूफ माक वन म्हणून खपवता येते, आणि चेसिस नंबर त्या दाव्याला हरकत घेत नाही. चालकाच्या दारावरच्या धातूच्या पट्टीवर ‘६३सी’ असा माक वनचा संकेत असतो हे खरे. परंतु पन्नासहून अधिक वर्षांत गाडीचे दार बदललेले असू शकते, आणि तशी नवी पट्टीही बनवून मिळते. त्यामुळे दारावरचा पुरावा दाराइतकाच भरवशाचा असतो. अशा वेळी कारखान्याच्या नोंदीत ‘माक वन’ हे शब्द आहेत की नाहीत, एवढ्यावरच गाडीची किंमत हजारो डॉलरांनी बदलते.

मेटचनविषयी एक अवांतर. कागदोपत्री मेटचन म्हणून नोंदलेला हा कारखाना प्रत्यक्षात न्यू जर्सीतील एडिसनच्या हद्दीत, रूट वनवर होता. १९४८ मध्ये सुरू झालेला हा कारखाना २००४ मध्ये बंद पडला आणि पुढे पाडला गेला, आज त्या जागी दुकाने आहेत. एडिसन आणि आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी तेथे खरेदी केली असेल, पण साठच्या दशकाच्या उत्तरार्धात याच जमिनीवर मस्टँग तयार होत होत्या हे फार थोड्यांना ठाऊक असते. माझी गाडी जिथे बनली तिथून काही मैलांवरच्या गॅरेजमध्ये आज ती पुन्हा जोडली जात आहे, याचे समाधान मला रिपोर्टमधील एका ओळीने दिले.

आता प्रत्यक्ष कामातील उपयोगाकडे वळतो. गाडी आली तेव्हा लाल होती. जुन्या मसल कार, म्हणजे त्या काळच्या दमदार इंजिनाच्या अमेरिकी गाड्या, विकायला काढताना लाल रंग देण्याची चाल सर्वश्रुत आहे. रिपोर्टमध्ये मूळ रंग ब्लॅक जेड, म्हणजे सावलीत जवळजवळ काळा भासणारा गडद हिरवा, असा नोंदलेला होता. डॅशबोर्ड उतरवल्यावर त्यामागच्या पत्र्यावर तोच हिरवा रंग अस्पर्श सापडला आणि नोंदीचा पडताळा आला. घरातील बहुमत लाल रंगाच्या बाजूने होते व ते अजूनही पुरते मावळलेले नाही. परंतु ज्या कामात एकेक पत्रा कापून, वेल्डिंग करून, घासून, प्रायमर देऊन सुट्टीच्या दिवसांतून वेळ काढावा लागतो, तिथे रंगाचा निर्णय सुरुवातीलाच पक्का असणे किती सोयीचे असते, हे केलेल्यालाच कळते. दारांच्या आतल्या कडा, डिकीची आतली बाजू, इंजिनाभोवतीचा पत्रा या जागा रंगवण्याची वेळ निरनिराळ्या टप्प्यांवर येते आणि मध्येच मत बदलले की सारे पुन्हा उघडावे लागते.

दुसरा उपयोग वायरिंगचा. पर्यायी वस्तूंच्या यादीत इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर होता, गाडीत मात्र तो नव्हता. पूर्वी कधीतरी मीटरची संपूर्ण चौकटच बदलली गेली असावी. हे आधी कळले नसते तर फरक मोठा पडला असता, कारण १९६९ च्या मस्टँगमध्ये टॅकोमीटर असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची डॅशबोर्डखालची वायरिंग निराळी असते आणि नवी वायरिंग महाग असते. गाडीत जे दिसते त्यावर विसंबून मागणी नोंदवणारा माणूस चुकीची वायरिंग मागवणार हे उघड आहे. याच यादीत मागच्या स्पॉयलरचा, म्हणजे डिकीवर बसणाऱ्या आडव्या पंखाचा, उल्लेख नव्हता. डिकीच्या झाकणाला स्पॉयलरसाठी पाडलेली छिद्रे त्यामुळे निःशंक मनाने वेल्डिंगने बुजवता आली.

तिसरा उपयोग मला सर्वांत रंजक वाटतो, तो तारखांचा. डिलक्स रिपोर्टमध्ये मागणी आल्याची, उत्पादनासाठी ठरवलेली आणि गाडी प्रत्यक्षात तयार झाल्याची, अशा वेगवेगळ्या तारखा असतात. दारावरच्या पट्टीवर असते ती ठरवलेली तारीख, प्रत्यक्षातली नव्हे. दोहोंत अंतर पडू शकते. फोर्डच्या ओतीव भागांवर ओतकामाचा दिनांक संकेताने उमटवलेला असतो : आधी वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचे अक्षर, मग दिवस. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असे करत आय हे अक्षर वगळून एम म्हणजे डिसेंबर. मूळचा भाग गाडीच्या आधी ओतलेला असला पाहिजे, हे उघड तर्कशास्त्र आहे. माझी गाडी १९६९ च्या फेब्रुवारीत तयार झाली, आणि तिच्या इंजिनाच्या ब्लॉकवर ‘९एफ’ने सुरू होणारा संकेत आहे, म्हणजे ते १९६९ च्या जूनमधले ओतकाम. गाडी रस्त्यावर आल्यानंतर चार महिन्यांनी ओतलेला ब्लॉक तिचा मूळचा असणे शक्य नाही. विकणाऱ्याचा दावा वेगळा होता, पण व्यवहार अखेर या तारखांच्या आधारे ठरला.

याच संदर्भात नवख्यांचा एक गोंधळ दूर करावासा वाटतो. १९६९ च्या ३५१ घनइंची, ‘विंडसर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंजिनाच्या ब्लॉकवर ‘सी९ओई’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्यातील ‘ओ’ हे अक्षर फोर्डच्याच फेअरलेन या गाडीचे आहे, मस्टँगचे नव्हे. ते पाहून इंजिन दुसऱ्याच गाडीतून काढून बसवले असावे असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो चुकीचा आहे. तो भाग प्रथम कोणत्या मालिकेसाठी आखला गेला एवढेच ते अक्षर सांगते, आणि फोर्ड एकच ब्लॉक अनेक गाड्यांत बसवत असे. इंजिन मूळचे आहे काय हे ठरवायचे तर ओतकामाची तारीख आणि ब्लॉकवर ठोकलेला चेसिस नंबरचा अंश पाहावा. तो अंश रिपोर्टशी ताडून पाहण्याचे काम मात्र आपणच गाडीखाली शिरून करायचे असते. कागद ते करून देत नाही.

रिपोर्टमधील ज्या भागाचे सर्वाधिक कौतुक होते तो मला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे आकडेवारी. १९६९ मध्ये एकूण ७२,४५८ माक वन बनल्या. त्यांतून अमुक इंजिनाच्या किती, त्यांतून तमुक गिअरबॉक्सच्या किती, त्यांतून या रंगाच्या आणि आतून त्या रंगाच्या किती, असे गाळत गेले की आकडा झपाट्याने लहान होत जातो. विक्रीच्या जाहिरातींत मग ‘जगातील केवळ अमुक गाड्यांपैकी एक’ असे वाक्य झळकते. आकडे खोटे नसतात, पण चाळणीला पुरेशी भोके पाडली तर कोणतीही गाडी अखेर एकमेव ठरते. दुर्मीळ असणे आणि मागणी असणे या भिन्न गोष्टी आहेत. एखादा रंग त्या काळी कोणाला आवडत नव्हता म्हणूनही तो आज दुर्मीळ असू शकतो.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ही नोंद गाडीच्या जन्माची आहे, आयुष्याची नाही. विक्रेत्याने आपल्या दुकानात बसवून दिलेल्या वस्तू तीत येत नाहीत. अपघात, मालकबदल, इंजिनबदल यांतले काहीच येत नाही. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यात गाडीने किती वर्षे काढली, हेही तीत कळत नाही. मस्टँगला वेगळी चेसिस नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो, म्हणून गंजाचा प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही. पुढच्या काचेखालचा हवा आत घेणारा पोकळ कप्पा आतून कुजला की पावसाचे पाणी थेट पायांखालच्या पत्र्यावर उतरते, आणि बाहेरून लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेला असेल तर ते कोणाच्याच ध्यानात येत नाही. ते शोधायला पाण्याची नळी आणि हातातला दिवाच हवा. तसेच कोणत्या बोल्टला कसला मुलामा होता, जोडणीच्या वेळी कामगारांनी कुठे रंगाच्या खुणा केल्या, हा तपशीलही रिपोर्टमध्ये नसतो. त्यासाठी फोर्डच्या जोडणीपुस्तिकांच्या पुनर्मुद्रित प्रती आणि हात न लागलेल्या जुन्या गाड्या पाहाव्या लागतात. मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाच्या परीक्षणात काटेकोर गटात उतरण्याचा मानस असेल, तर ही जोड अपरिहार्यच आहे.

इतर कंपन्यांच्या गाड्यांशी तुलना केली म्हणजे फोर्डवाल्यांचे भाग्य कळते. पाँटिअ‍ॅकच्या मालकांना पीएचएस (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या सेवेकडून मूळ बिलांच्या प्रती मिळतात, तीही उत्तम सोय आहे. त्याच काळातील अमेरिकेत बनलेल्या बहुतेक शेव्हरोले गाड्यांच्या बाबतीत मात्र एकेका गाडीची कारखान्यातील नोंद उपलब्धच नाही. कमॅरो किंवा शेव्हेल एसएस खरी की खोटी, हे ओतीव क्रमांकांवरून आणि नशिबाने हाती लागलेल्या कागदांवरून ठरवावे लागते. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला, उंदरांनी कुरतडलेला एखादा जोडणीचा कागद सापडला तर तेथे सण साजरा होतो.

गाडी घेण्याआधी स्टँडर्ड प्रकार मागवावा, त्याची किंमत एका नव्या मडगार्डच्या तुलनेत नगण्य आहे. गाडी आपली झाली आणि ती मूळ रूपात आणण्याचा विचार असेल तर डिलक्स घ्यावा, कारण उत्पादनाच्या टप्प्यांच्या तारखा त्यात मिळतात. एलिट भेट म्हणून देण्यास उत्तम आहे, पण गॅरेजमधल्या कामात त्याने काही भर पडेल असे मला वाटत नाही. ज्यांना जुन्या सांगाड्यात आधुनिक इंजिन आणि सस्पेन्शन बसवून मनाजोगती गाडी करायची आहे, त्यांनी माक वनच्या खरेपणाची खातरजमा झाल्यावर पुढे रिपोर्टवर खर्च करू नये. आणि १९६४ ते १९६६ मधल्या मस्टँगच्या मालकांना ही सेवा मुळात उपलब्धच नाही. नोंद १९६७ पासून सुरू होत असल्यामुळे त्यांना दारावरची पट्टी, ओतकामाच्या तारखा आणि पत्र्यामागे उरलेला जुना रंग यांवरच भिस्त ठेवावी लागते.